दृष्टिपटलावरील कापूस

ल्युपस हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसत, म्हणून मध्ययुगीन वैद्यांनी हे नाव योजले असे सांगतात. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींना परके मानू लागते, हे या व्याधीचे सूत्र. मला ती २०११ साली जडली. सांधे, त्वचा, मूत्रपिंडे यांविषयी पुष्कळ बोलले जाते, डोळ्यांविषयी कमी. मोडी कागदपत्रांवर जिचे काम चालते, तिला मात्र पहिली धास्ती डोळ्यांचीच.

बाहुली विस्फारून नेत्रतज्ज्ञांनी आत पाहिले, तेव्हा दृष्टिपटलावर पांढुरके, पुसट कडांचे ठिपके आढळले. वैद्यकात त्यांना कापसाच्या बोळ्यांची उपमा देतात. उपमा मोठी मऊ आहे. प्रत्यक्षात तेथे एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी बंद पडलेली असते. मज्जातंतूंतील वहन खोळंबते आणि तुंबलेले द्रव्य कापसासारखे दिसू लागते. मला स्वतःला दिसण्यात काहीच उणे जाणवत नव्हते. असे ठिपके बहुधा काही आठवड्यांत विरतातही. परंतु चीर न देता जिवंत रक्तवाहिनी पाहता यावी अशा जागा शरीरात फार थोड्या. म्हणून येथील ठिपके रोगाच्या जोराची वर्दी समजले जातात.

रोगाला लगाम घालणारी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी मूळची हिवतापावरची. (२०२० साली करोनावरील उपाय म्हणून तिचा गाजावाजा झाला आणि आम्हां जुन्या रोग्यांनाच ती मिळेनाशी झाली, पुढे करोनावर ती निरुपयोगी ठरली. असो.) हीच गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास दृष्टीच्या केंद्राभोवती कड्यासारखी इजा करू शकते. झालेली इजा भरून येत नाही. म्हणून दिवसाला दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम ही मर्यादा. माझे वजन ४८ किलो. मी २०० मिलिग्रॅम घेते. पाच वर्षांनंतर दरसाल तपासणी करावी लागते: दृष्टिपटलाच्या थरांचे चित्रण, आणि अंधाऱ्या खोलीत एका बिंदूवर नजर रोखून चमकणाऱ्या ठिणग्यांना बटण दाबून दिलेली साक्ष.

या तपासणीचे प्रयोजन कळले, तेव्हा मी अधिकच अस्वस्थ झाले. आरंभी ते कडे रोग्याला काळे दिसत नाही. गळालेल्या जागा मन आपल्याच अनुमानाने भरून काढते. पाठचिकित्सेत त्रुटित जागा चौकटी कंसात दाखविण्याचा आमचा दंडक आहे. लेखनिकाने गाळलेले अक्षर दुसऱ्या प्रतीवरून सापडते. वाचणाऱ्याच्या डोळ्याने गाळलेले कोणत्या प्रतीत शोधावे?

गोळी सोडावी असे घरच्यांनी सुचविले होते. सोडल्यास रोग उसळण्याचा संभव, आणि उसळला तर तो डोळ्यांनाही सोडीत नाही. गोळी चालू आहे. नक्कल मात्र मी हल्ली मुळाशी दोनदा ताडते. दुसऱ्या खेपेस एक विद्यार्थिनी मूळ कागद मोठ्याने वाचते. दिल्लीत मोडी वाचणारे विरळाच, म्हणून ती लिपी तिला मीच शिकविली. गेल्या महिन्यात तिने माझ्या नकलेतील एक अनुस्वार सुटल्याचे दाखविले. तो मूळ कागदातच पुसट होता, असे आम्ही भिंगाखाली पाहून ठरविले.