मळके हात

लहान मुलाचा हात रिकामा असलेला मी कधी पाहिला नाही. काम नसले की मोठ्या माणसाचा हात मांडीवर पडून राहतो, नाही तर उगीच हनुवटीला टेकू देतो. मुलाच्या हाताला अशी विश्रांती ठाऊकच नसते. त्यात चिंचोका असतो, बाटलीचे बूच असते, अर्धा खडू असतो. आणि काहीच नसले तर शेजारणीची वेणी असते. या सगळ्या वस्तू जाता जाता त्या तळव्यावर आपापली खूण ठेवून जातात. दुपारी नातीची मूठ उघडून पाहावी, तर तिची सकाळची रोजनिशीच वाचायला मिळते. हिरवे म्हणजे पाला, पांढरे म्हणजे खडू, आणि काळे म्हणजे काय ते विचारू नये.

मूल हातांनी शिकते, असे जाणती माणसे सांगत आली आहेत. माँटेसरीबाईंनी तर आपली पद्धतच मुलांच्या हातांवर विश्वास ठेवून उभी केली. हे खरे असेल, तर मळलेला हात म्हणजे झालेला अभ्यास! आपण मात्र तो पाहिला की नाक मुरडतो आणि म्हणतो, "शी! घाणेरडी कुठली!" मळलेला असतो हात, आणि घाणेरडे ठरते ते मूल. या बोलण्यातली गफलत माझ्या ध्यानात आणून दिली ती आमच्या गावच्या बालवाडीने.

नात बालवाडीत जाऊ लागली तेव्हा पहिले काही दिवस ती माझा पदर सोडीना. तिथल्या बाई समजूतदार. त्या म्हणाल्या, "आजी, बसा तुम्ही ओट्यावर. तिची तीच सोडील तुम्हांला." तिने मला आठवड्यात सोडले, पण मीच तो ओटा सोडीना! घरी परतून करायचे तरी काय होते? इथे साडेदहा वाजता जी मौज पाहायला मिळे, ती अन्यत्र कुठे मिळणार?

साडेदहाला खाऊची सुट्टी. खाऊ म्हणजे कधी उसळ, कधी शिरा, कधी कांदा घातलेले चुरमुरे. पण खाऊआधी हात धुण्याची रांग. नळ मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर बसवलेला. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून नळालाच टांगलेली, म्हणजे ती कुणाच्या हातून निसटून मातीत लोळायला नको. सर्वांत आधी हात धुवायच्या त्या बाई स्वतः, त्यांच्यामागून वाढणाऱ्या मावशी, आणि मग मुले. आधी हात ओले करायचे, मग साबण. तळव्याला तळवा, मग हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा, आणि शेवटी नखे तळव्यावर घासायची. वीस आकडे होईपर्यंत चोळत राहायचे असा नियम होता, परंतु चार वर्षांच्या माणसांना खाऊ समोर दिसत असता "अकरा, बारा, सतरा, वीस!" अशी आकडेमोड सुचते, म्हणून बाईंनी आकडे सोडून गाणे धरले. गाणे काही मधून खाता येत नाही.

या रांगेत माणसांचे सगळे नमुने पाहून घ्यावेत. एक गृहस्थ देवाला गंध लावावे तशी बोटांची टोके भिजवून निघून जाऊ पाहत. एक बाई फेसात इतक्या रमत की मागच्यांनी ओरडा करावा. एक जण तर हात न धुता मोठ्या मायेने साबणच धूत बसे. आणि धुतलेले हात कोरडे करायच्या आधी जमिनीला टेकवून पाहण्याची ओढ तर सर्वांनाच. कोरडे करायला प्रत्येकाचा निराळा लहानसा पंचा खुंटीला लावलेला. मला आधी ती चैन वाटली. बाई म्हणाल्या, "आजी, ओल्या हाताला घाण लवकर लागते, आणि सगळ्यांनी एकाच पंचाला हात पुसले तर धुतले कशाला?" हे काही मला खोडून काढता येईना.

साबणाचे कामही मोठे गमतीचे आहे. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलकटाकडे. हातावरची घाण आणि रोगजंतू त्वचेच्या तेलकटपणाला चिकटून बसलेले असतात. नुसत्या पाण्याने ते पुरते हलत नाहीत. साबण एका टोकाने त्यांना धरतो, दुसऱ्या टोकाने पाण्याचा हात धरतो, आणि दोघांची गाठ घालून देऊन त्यांच्याबरोबर स्वतःही वाहून जातो. विषाणूंपैकी काहींचे तर बाहेरचे आवरणच स्निग्ध पदार्थाचे असते; साबण ते फोडून टाकतो. २०२० साली करोनाच्या साथीत साऱ्या जगाला मोठ्या वयात बालवाडीचा हा धडा गिरवावा लागला, तो याच कारणाने. पण मुलांना खरा त्रास होतो तो जुन्याच शत्रूंचा. हगवण, सर्दीखोकला, आणि नखांतल्या मातीबरोबर पोटात जाणारी जंतांची अंडी. जंत खाल्लेल्या अन्नातला वाटा उचलतात, मूल फिकट पडते, आणि आई म्हणते, "खातो पुष्कळ, पण अंगी लागत नाही." जंतनाशकाची गोळी देण्याची देशव्यापी मोहीम २०१५ सालापासून चालते. गोळीने पोटातले जंत जातात. नखांतली माती मात्र रोज नव्याने भरते.

हे सगळे समजण्यापूर्वी हात धुवा म्हणणे किती अवघड होते, याची एक गोष्ट आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर होता. तिथल्या एका प्रसूतिविभागात बाळंतिणी तापाने फार दगावत. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला जातात, हे त्याने हेरले, आणि विरंजक चुन्याच्या पाण्याने हात धुतल्याखेरीज कुणी बाईला हात लावायचा नाही असा नियम केला. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा बाळंतिणी मरत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण दोनांवर आले. इतके होऊनही पुष्कळ डॉक्टर त्याच्यावर रागावले. आमच्यासारख्या प्रतिष्ठित माणसांचे हात रोग पसरवतात, हे ऐकून घेणे त्यांना जड गेले. १८६५ साली तो बिचारा वेड्यांच्या इस्पितळात मेला. तो बोलत होता हातांविषयी. ऐकणाऱ्यांना वाटले, तो आपल्याविषयीच बोलतो आहे.

हीच चूक आपल्याकडे उलट्या बाजूने होते, आणि ती जास्त बोचते. दिवाळीनंतर आमच्या गावाबाहेर वीटभट्टी लागते. कामाची कुटुंबे पावसाळ्यापर्यंत तिथेच पाले ठोकून राहतात. गेल्या वर्षी त्यांची तीन मुले बालवाडीत येऊ लागली. चारच दिवसांत काही आया बाईंकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, ती मुले फार घाणेरडी हो. त्यांना शिकवा, आमचे काही म्हणणे नाही. पण खायला निराळी बसवा." बाईंनी वाद घातला नाही. "उद्या खाऊच्या वेळी या," एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी नव्हते. बाईंनी भरून ठेवलेल्या पिंपातले पाणी घेतले आणि मुलांच्या जोड्या लावल्या. एकाने तांब्याने धार धरायची, दुसऱ्याने साबण लावून हात धुवायचे, मग अदलाबदल. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुडवायचे नाहीत. तसे केले तर पहिल्याची घाण शेवटच्याच्या वाट्याला जाते. प्रत्येकाच्या हाताखाली मात्र एक पांढरे वाडगे ठेवलेले. माझ्या नातीच्या हातावर भट्टीवरच्या मुलाने धार धरली. दोन्ही हातांनी तांब्या पेलून, जीभ बाहेर काढून, अगदी जपून. मग हिने त्याच्या हातावर धरली. धुऊन झाल्यावर वाडगी ओट्यावर ओळीने मांडली. त्याच्या वाडग्यातले पाणी विटकरी होते, माझ्या इस्त्रीच्या झग्यातल्या नातीचे राखाडी, आणि आणखी कुणाचे शाईसारखे निळे. नितळ एकही नव्हते. बाई आयांना एवढेच म्हणाल्या, "यांतले निराळे बसवायचे ते कोणते, ते तुम्ही सांगा." कुणी काही बोलले नाही. एकीने पुढे होऊन वाडगी उपडी करायला मदत केली. त्या दिवशी मुले नेहमीसारखी एका पंक्तीत बसली, आणि चुरमुरे कमी पडले.

मला त्या विटकरी पाण्याने पुढेही बरेच दिवस सोडले नाही. पालांवर पाणी येते ते पिंपांतून. आधी प्यायला, मग रांधायला. हात धुण्याची पाळी यायच्या आत पिंप खडखडते. अशा मुलाला "हात का धुतले नाहीस?" असे विचारण्यात काय अर्थ? स्वच्छता अंगी बाणण्यापूर्वी ती हाताशी यावी लागते. आपल्या देशात तर पाणी नुसते कमी पडले असे नाही. ते माणसांपासून राखून ठेवले गेले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना जे पाणी ओंजळीत घ्यावे लागले, ते तहानेसाठी नव्हते, हक्कासाठी होते. ज्यांना आपण पाण्यापासून दूर ठेवले, त्यांनाच मळके म्हणायचे, हा आपला जुना खाक्या! सोवळे आणि स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोवळे माणसाला दूर लोटते. स्वच्छता त्याचा हात हातात घेतल्याखेरीज होत नाही.

ताराबाई मोडकांनी हे ओळखले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. "अगोदर स्वच्छ होऊन या, मग शिकवू," असे त्या म्हणाल्या नाहीत. मुलांना न्हाऊमाखू घालणे, त्यांची नखे काढणे, हाच तिथे शिक्षणाचा आरंभ होता. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारी योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. तिचे नाव आपण रोज घेतो. मुलाच्या अंगणात आपण जायचे असते, हा त्यातला अर्थ मात्र जपायला हवा.

आमच्या बालवाडीत आता दोन पिंपे वाढली आहेत. एक भट्टीच्या मालकाने दिले, दुसरे तक्रार घेऊन आलेल्या आयांनी वर्गणी काढून. यंदाही दिवाळी झाली की पाले पडतील, आणि कोण नवी बिऱ्हाडे येतात याची आमची नात वाट पाहते आहे. तांब्याची धार धरायला तिला जोडीदार हवा आहे.

तोवर तिने घरातल्या मोठ्या माणसांवर अंमल बसवला आहे. परवा यांचे एक स्नेही फराळाला आले. मोठे हुद्देदार गृहस्थ, स्वभावाने जरा ताठ. त्यांनी चकलीकडे हात नेला तोच ही पुढे उभी राहून म्हणाली, "आजोबा, हात?" त्यांचा चेहरा अगदी व्हिएन्नाच्या डॉक्टरांसारखा झाला. मी काही बोलणार, इतक्यात तीच समजावणीच्या सुरात म्हणाली, "तुम्ही नाही काही मळलात. फक्त हात मळलेत. चला, मी पाणी घालते."

ते उठले. मोरीपाशी बराच वेळ गाणे चालले होते, आणि त्यात एक आवाज जाड होता.