यादीतला पहिला नंबर

आमच्या मेसच्या नोटीस बोर्डावर साधारण तीन प्रकारचे कागद असतात. मेस बिल न भरलेल्यांची नावं, हरवलेल्या कॅल्क्युलेटरची जाहिरात आणि रेक्टर मॅडमची सूचना (हिच्यात 'सक्त' हा शब्द असतोच). २०२४ च्या डिसेंबरमध्ये कुणीतरी तिथे चौथा कागद लावला. एका इंग्रजी पेपरच्या रविवार पुरवणीतलं पान होतं, एका समीक्षकाने निवडलेले वर्षातले दहा सर्वोत्कृष्ट चित्रपट. परीक्षेला नऊ दिवस राहिले होते, म्हणजे अभ्यास सोडून दुसऱ्या कशावरही भांडायला अगदी योग्य वेळ!

पुढे जाण्याआधी एक कबुली. माझी शाळा दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. मराठी निबंध म्हणजे 'माझा आवडता ऋतू' एवढाच अनुभव. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. बाकीच्या चुका माझ्या, आणि हा लेख त्यांच्याबद्दलच आहे.

तर ती यादी. पहिला नंबर पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला. मे २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात या सिनेमाला ग्राँ प्री मिळालं, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान. मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पोचला तोच मुळी तीस वर्षांनी. त्याआधीचा १९९४ चा 'स्वाहम'. 'साईट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या २०२४ च्या यादीतही हाच पहिला आला. पण आमच्या बोर्डावरच्या यादीत 'लापता लेडीज' नव्हता, 'पुष्पा २' नव्हता, आणि मराठी तर एकही नव्हता.

पहिली ठिणगी सिव्हिलच्या मुलीने टाकली. "भारताने ऑस्करला 'लापता लेडीज' पाठवला, आणि या माणसाला तो पहिल्या दहातसुद्धा दिसत नाही?"

मी लगेच उडी घेतली. ऑस्करची ती निवडच कशी चुकली, यावर मी दहा मिनिटं बोलले. कानमध्ये गाजलेला सिनेमा सोडून दुसराच पाठवला, वर निवड करणाऱ्यांकडून असा सूर निघाला की हा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटतो. शेवटी 'लापता लेडीज' शॉर्टलिस्टमध्येही आला नाही! हे सगळं मी इंटरनेटवर वाचलं होतं आणि मला अगदी पाठ होतं.

मेकॅनिकलवाली म्हणाली, "'पुष्पा २'ला तिकीट मिळत नव्हतं. एवढ्या लोकांना काय कळत नाही का?"

"लोकांना आवडणं हाच निकष असेल, तर वडापाव जगातला बेस्ट पदार्थ," मी म्हटलं.

"आहेच!" सगळं टेबल एका सुरात ओरडलं. मेसवाले काकासुद्धा हसले.

तेवढ्यात माझी रूममेट बोलली. (नाव लिहू नको म्हणाली आहे.) ती एरवी वादात पडत नाही, जेवते आणि जाते. ती म्हणाली, "माझ्या यादीत 'नाच गं घुमा' पहिला असता."

परेश मोकाशींचा हा सिनेमा १ मे २०२४ ला आला. नोकरी करणारी बाई आणि तिच्याकडे कामाला येणारी बाई, मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव. कामवाली रोज उशिरा येते, मालकीण चिडते, तिला काढून टाकते, आणि मग तिच्याशिवाय घर चालत नाही. मी म्हटलं, आणि हे लिहिताना आजही कान गरम होतात, "अगं, कुठे कान फेस्टिव्हल आणि कुठे मोलकरणीची कॉमेडी!"

टेबलावर दोघी-तिघी हसल्या. रूममेट हसली नाही. ताट उचलून गेली.

त्या रात्री लाइट गेली. अंधारात ती तिच्या कॉटवर, मी माझ्या. बऱ्याच वेळाने ती बोलली. तिची आई नाशिकला चार घरची धुणं-भांडी करते. हे मला दीड वर्षात माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. १ मेची सुट्टी म्हणून तिने आईला 'नाच गं घुमा'ला नेलं. आई कितीतरी वर्षांनी थिएटरात गेली होती. पोट धरून हसली. घरी जाताना मात्र एकदम गप्प. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तिने चारही घरी सांगितलं, महिन्याला चार सुट्ट्या हव्यात, आणि त्यांचे खाडे कापायचे नाहीत.

"मग?" मी विचारलं.

"तीन घरांनी दोन-दोन दिल्या. चौथं घर सुटलं," ती म्हणाली. "तुझ्या त्या पहिल्या नंबरच्या पिक्चरने काय केलं, ते सांग."

मला काहीच सांगता आलं नाही. कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. तो पहिल्या नंबरचा पिक्चर मी पाहिलाच नव्हता.

हो, खरंच. २२ नोव्हेंबरला तो आपल्याकडे लागला, पण थोड्याच थिएटरांत, आमच्या गावात नाहीच. मी परीक्षणं वाचली होती, मुलाखती ऐकल्या होत्या, ट्रेलर चार वेळा बघितला होता. प्रॅक्टिकल न करता रीडिंग्ज छापून जर्नल पूर्ण करतात ना, तसं! आणि त्या जोरावर दुसरीच्या खऱ्या रीडिंगला मी चूक म्हणत होते.

जानेवारीत तो सिनेमा घरबसल्या बघायला मिळाला. खोटं कशाला बोलू, पहिल्या अर्ध्या तासात मी दोनदा मोबाईल पाहिला. मुंबईच्या एका हॉस्पिटलमधल्या दोन मल्याळी नर्सेस, प्रभा आणि अनू, एका खोलीत राहतात. प्रभाचा नवरा जर्मनीत, त्याचा फोनही येत नाही. एक दिवस जर्मनीहून नुसता राईस कुकर येतो. तिसरी बाई पार्वती, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी, मूळची रत्नागिरीकडची. तिच्या चाळीच्या जागेवर टॉवर येणार आहे, आणि खोली तिची असल्याचा कागद तिच्याकडे नाही. नवरा गेला, कागद कुठे ठेवले ते त्यालाच माहीत. शेवटी ती गावाला परत जाते.

पार्वतीचं काम केलंय छाया कदम यांनी. आणि 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजूमाई कोण? त्याच! मेसमध्ये आम्ही ज्या दोन सिनेमांवरून एकमेकींचे गळे धरत होतो, त्या दोन्हींत एकच मराठी बाई उभी होती. ('फँड्री' आणि 'सैराट'मध्येही त्या आहेतच.) आमच्या एकीच्याही लक्षात आलं नव्हतं.

आता थोडं माझ्या गावाबद्दल. आमचं विवळवेढे, तालुका डहाणू. मुंबई-अहमदाबाद हायवेवर चारोटीच्या पुढे महालक्ष्मीचं मंदिर लागतं, तेच. चैत्र पौर्णिमेला यात्रा सुरू होते, पंधरा दिवस चालते. त्या दिवसांत बाबा मंदिराजवळ नारळ-ओटीचं दुकान लावतात, आणि घरातल्या सगळ्यांना एक-एक ड्यूटी लागते. २०२५ च्या एप्रिलमध्ये मी शनिवार-रविवार जोडून घरी गेले. डहाणू रोडला उतरून शेअर जीप, मांडीवर बॅग, बॅगेत लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये दोन सिनेमे. मला प्रयोग करायचा होता. सब्जेक्ट, आजी.

आजी शाळेत गेलेली नाही. तिचं बोलणं वारली वळणाचं, मी ते इथे साध्या मराठीत लिहिते आहे. पहिल्या रात्री 'नाच गं घुमा' लावला. मला खात्री होती, हा तिला आवडणार. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "या दोघी एवढ्या ओरडतात कशाला?" आणि झोपली.

दुसऱ्या रात्री दुसरा. अर्धा मल्याळी, अर्धा हिंदी, खाली इंग्रजी अक्षरं. मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. मला वाटलं ही पाच मिनिटांत घोरायला लागेल. राईस कुकरला ती हसली. "नवरा नाही आला, भांडं आलं!" मग पार्वतीच्या कागदाची गोष्ट आली, आणि आजीने हात वर केला. "थांबव." मी थांबवला.

"हिचा कागद नाही?"

"नाही."

"मग हिला उठवणार?"

"हो."

ती उठली, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. तिच्यात आमच्या वनजमिनीच्या दाव्याचे कागद होते. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. म्हाताऱ्या माणसांचा जबाबसुद्धा पुरावा धरतात. त्या जबाबाखाली आजीचा अंगठा आहे. अर्जाचं पुढे काय झालं, ते अजून आम्हाला कळलेलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरातली सगळ्यात 'हुशार' मी, आणि ती पिशवी मी त्या रात्री पहिल्यांदा उघडली. सिनेमा तिथेच थांबला होता. आम्ही दोघी कागद वाचत बसलो. म्हणजे मी वाचत होते, आणि ती कुठला कागद कधीचा ते सांगत होती. एकही तारीख चुकली नाही.

तर प्रयोगाचा निकाल असा. 'लोकांचा' म्हणून नेलेला सिनेमा आजीपर्यंत पोचला नाही, 'समीक्षकांचा' म्हणून नेलेला पोचला. नाशिकच्या काकूंच्या बाबतीत बरोबर उलटं झालं असतं. आता यावरून रँक लिस्ट कशी काढायची? आमचे इन्स्ट्रुमेंटेशनचे सर म्हणतात, मीटर काय मोजतो ते आधी विचारा, रीडिंग नंतर घ्या.

यादी म्हणजे काय, हेही मी मग जरा शोधलं. 'साईट अँड साउंड' दर दहा वर्षांनी जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांसाठी समीक्षकांची मतं घेतं. १९६२ ते २००२ 'सिटिझन केन' पहिला होता, २०१२ ला 'व्हर्टिगो' आला, २०२२ ला शाँताल आकेरमनचा 'जान डिलमान', जो २०१२ मध्ये छत्तिसावा होता. सिनेमा तोच, त्यातली एक फ्रेमही बदललेली नाही. मत देणारी माणसं वाढली आणि बदलली. आपल्या 'शोले'चंच बघा. १९७५ मध्ये बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली, फिल्मफेअर मिळालं ते फक्त संकलनाला, एम. एस. शिंदे यांना. आणि २०२२ मध्ये फिप्रेस्की या समीक्षकांच्या संघटनेच्या भारतीय शाखेने सर्वकालीन दहा भारतीय चित्रपट निवडले, त्यात 'पथेर पांचाली' पहिला आणि 'शोले' दहावा! (मराठी? त्याही दहात एकही नाही. यावर वेगळं भांडण होऊ शकतं, मी तयार आहे.)

मग याद्या फाडून टाकायच्या का? मला नाही वाटत. ती यादी बोर्डावर लागली नसती, तर तो सिनेमा मी आजीसमोर लावलाच नसता. शंभर सिनेमांतून कुणीतरी बोट दाखवतं, "इकडे बघ", एवढं काम ती चोख करते. घोटाळा माझ्याकडून झाला. मी ते बोट मेरिट लिस्टसारखं वापरलं, स्वतः न बघता, दुसरीला गप्प करायला.

यात्रेतून निघताना बाबांशी हे बोलले. आमच्याकडे एक कथा सांगतात. देवी मूळची वर गडावर. एक गरोदर बाई दर्शनाला चढत होती, तिला घेरी आली, तेव्हा देवी म्हणाली, तू येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून पायथ्याशी मंदिर आहे. पण आजही पौर्णिमेच्या रात्री पुजारी ध्वज घेऊन वर गडावर जातोच. बाबा नारळाच्या शेंड्या काढता काढता म्हणाले, "खाली आली म्हणून देवी लहान झाली नाही, आणि वर आहे म्हणून ज्याला चढवत नाही त्याला नावं ठेवायची नाहीत." मग म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय, पाच नारळ दे."

हॉस्टेलवर आल्यावर रूममेटला सॉरी म्हटलं. मेसमध्ये, त्याच टेबलावर, कारण बोललेही तिथेच होते. पिक्चर पाहिला नव्हता, हेही सांगितलं. मेकॅनिकलवालीने पाण्याचा ग्लास वाजवून टाळ्या वाजवल्या. मग आम्ही दोघींनी तो सिनेमा पुन्हा पाहिला. पार्वती आणि प्रभा बिल्डरच्या बोर्डावर दगड मारतात, तिथे रूममेट उठून बसली. संपल्यावर म्हणाली, "चांगला आहे. पण माझा पहिला नंबर तोच." मी वाद घातला नाही. (मनात घातला.)

आता नोटीस बोर्डावर पाचवा कागद आहे. आम्ही दोघींनी लावला, रेक्टर मॅडमच्या परवानगीने. प्रत्येकीने एकच सिनेमा लिहायचा, आणि पुढे कुणाबरोबर पाहिला ते. नंबर नाहीत. मेसवाल्या काकांनी लिहिलं, "पांडू हवालदार, वडिलांबरोबर." खुद्द रेक्टर मॅडमनी लिहिलं, "श्वास, २००४, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर. ऑस्करसाठी वर्गणीही दिली होती." रूममेटने काय लिहिलं ते सांगायला नको. मी माझ्या ओळीत लिहिलं, "ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट, आजीबरोबर, अर्धाच." उरलेला अर्धा दिवाळीत दाखवायचाय. त्याआधी त्या पिशवीतल्या कागदांच्या झेरॉक्स काढून तालुक्याला जायचंय, तारीख आजीने ठरवून दिली आहे.

कागदावर अजून जागा आहे. अट एकच, सिनेमा स्वतः पाहिलेला हवा.