जागा असूनही अपुरी

जुन्या वह्या जपणे ही व्यापारी घराण्यांची रीत. आता सौद्यांचा पुष्कळसा पुरावा ईमेलमध्येच असतो. आणि जीएसटी कायद्यानुसार हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागते. म्हणून चिरंजीव आउटलुकमधील पत्रे पेढीच्या सामाईक नेटवर्क फोल्डरमध्ये उतरवू लागतात, तोच संगणक जागा अपुरी असल्याचे सांगतो. वडील नवी डिस्क मागवायला निघतात.

आधी मोकळी जागा पाहावी. ती भरपूर असेल, तर दोष बहुधा नावांत असतो. पत्र उतरवताना त्याचा विषयच फाइलचे नाव होतो. विंडोजच्या जुन्या मर्यादेप्रमाणे सर्व फोल्डरांची नावे आणि फाइलचे नाव मिळून २६० अक्षरांत बसावे लागते. वर्ष, शाखा, ग्राहक असे फोल्डरात फोल्डर आणि त्यावर लांबलचक विषय आला की मर्यादा ओलांडली जाते.

परिग्रह-परिमाणाचे व्रत श्रावकाच्या घरात परिचित असते. नावांनाही तेच परिमाण लावावे. फोल्डरांची नावे आखूड ठेवावीत, आतील फोल्डर कमी करावेत, पत्रे थोडी थोडी उतरवावीत. मूळ पत्र पुसण्यापूर्वी प्रत उघडून पाहावी. तपासणीच्या दिवशी न उघडणारी प्रत पुरावा ठरत नाही.