होरिकिरीची आयरिस आणि कुंडीतली वर्षं

आपल्यापैकी घरटी एखादा तरी कामानिमित्त जपानला जाऊन आलेला असतो. साकुरा सगळेच पाहतात. जूनमध्ये टोकियोत असाल, तर केइसेई लाईनच्या होरिकिरी-शोबुएन स्टेशनवर उतरा. थोडं चाललं की आयरिसची एक लहानशी बाग लागते. तिकीट नाही.

तिथल्या आयरिसला 'हानाशोबू' म्हणतात. जांभळी, पांढरी, निळसर शिरांची, तळहाताएवढी फुलं. एक फूल जेमतेम तीन दिवस टिकतं. चित्रकार हिरोशिगेने 1857 साली एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, देखाव्यांच्या मालिकेत होरिकिरीची हीच फुलं रंगवली होती. महायुद्धात इथल्या बागा बंद पडल्या. त्यांतली ही एक 1960 साली सार्वजनिक झाली.

बागेत एदो, इसे आणि हिगो असे तिन्ही घराण्यांचे वाण दिसतात. एदो वाण वाफ्यांसाठी, तर इसे आणि हिगो मुख्यतः कुंडीसाठी जोपासलेले. हिगो म्हणजे आजचं कुमामोतो. तिथे फुललेली कुंडी घरात आणून सोनेरी पडद्यासमोर ठेवायची आणि समोर बसून शांतपणे बघायची, अशी रीत.

कुंडीतली ही आयरिस म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. कळ्या धरल्यापासून फुलं संपेपर्यंत कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवली तरी चालते. मात्र हिवाळ्यात गड्डा पाण्यात बुडालेला चालत नाही. माती किंचित आम्लधर्मी हवी, चुना अजिबात नको. रोप खादाड असतं आणि त्याच मातीत राहिलं की खंगत जातं. म्हणून कुंडीतलं रोप दर एक-दोन वर्षांनी, फुलं संपल्यावर लगेच उपटतात, पानं अर्धी छाटतात, जुना गड्डा टाकून नवे फुटवे वेगळे करतात आणि ताज्या मातीत लावतात. बियांपासून तोच वाण मिळत नाही. वाण टिकवायचा तर फुटवे वेगळे करत राहणं भाग आहे.

हिगोची मूळ रोपं एदोच्या मात्सुदाइरा शोओ या सामुराईकडून आली. त्याने सुमारे साठ वर्षं नवे वाण तयार केले. रोपं देताना अट होती : बाहेर कुणाला द्यायची नाहीत. कुमामोतोच्या मंडळींनी ती अनेक दशकं कसोशीने पाळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मंडळातल्याच एकाने ती मोडली आणि रोपं बाहेर गेली. त्या वेळी हे अनेकांना रुचलं नाही. पण आज होरिकिरीत कुणीही हिगो आयरिस पाहू शकतं, ते त्यामुळेच.

दोघांचंही मला पटतं. अट पाळणाऱ्यांनी वाण शुद्ध राखला, मोडणाऱ्याने तो सगळ्यांचा केला. पण दोघांनाही दर एक-दोन वर्षांनी माती बदलावीच लागली. गाव सोडून चार-पाच पिढ्या झालेल्या आपल्या घरांत भाषा, सण, स्वयंपाक कसा टिकवायचा यावर वाद होतात, तेव्हा मला या कुंड्या आठवतात. नुसतं जपून भागत नाही. वेळच्या वेळी फुटवे काढून नव्या मातीत लावावे लागतात आणि मागायला आलेल्याला एखादा द्यावाही लागतो.