मचूळ

ग्रंथपालाला वाचायला वेळ मिळत नाही, असे म्हटले की ऐकणाऱ्याला विनोद वाटतो; पण ते खरे आहे. तीसेक वर्षे मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केले आणि त्या काळात जेवढी पुस्तके हाताळली, त्यांचा शतांशही वाचला नाही. आमचे काम निराळे. शीर्षक पाहायचे, अनुक्रमणिकेवरून नजर फिरवायची आणि पुस्तकाला त्याची जागा द्यायची. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात भूजल ५५१.४९ वर येते, मराठी भाषा ४९१.४६ वर आणि भारताचा इतिहास ९५४ वर. एकाच गोष्टीवर तीन अभ्यासकांनी लिहिले, तरी त्यांचे ग्रंथ तीन कपाटांत जातात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत. हे मला ठाऊक होते. ती गोष्ट आमच्या घरामागची विहीर असेल, एवढे मात्र ठाऊक नव्हते.

आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्रापासून फार दूर नाही. केळी, थोड्या पानवेली, कडेने नारळ. विहिरीच्या पलीकडे बावखल होते. वसईबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवे, की बावखल म्हणजे वाडीतला मोठा, उघडा पाणसाठा. पावसाळ्यात तो भरतो, वाडीला पाणी देतो आणि उरलेले सावकाश जमिनीत मुरवतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत इकडच्या विहिरींतून टँकर भरभरून नव्या इमारतींकडे जाऊ लागले, आणि गोड्या पाण्याच्या विहिरी एकेक करून मचूळ झाल्या. आमची त्यातलीच एक.

१९९८ च्या मे महिन्यात रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी बाटल्या घेऊन आमच्याकडे आला. एम.एस्सी.चा प्रकल्प होता. पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकून वरून सिल्व्हर नायट्रेट सोडायचे. पिवळा रंग विटकरी झाला की थांबायचे आणि किती द्रावण लागले त्यावरून क्लोराइड मोजायचे, अशी ती रीत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. आईने त्याला चहा दिला आणि विचारले, ‘बाबा, पाणी परत गोड होईल का?’ (आमच्या घरात सामवेदी बोली बोलतात. तिचे बोलणे मी येथे प्रमाण मराठीत देत आहे. त्यात तिचा सूर उरत नाही, याची मला जाणीव आहे.) तो मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, ‘आजी, मी फक्त किती खारट आहे ते सांगू शकेन.’ पावसाळ्यानंतर तो पुन्हा एकदा बाटल्या भरून घेऊन गेला. मग आला नाही.

२००४ मध्ये आम्ही बावखल बुजवले. भावाला घर बांधायचे होते, आणि डासांचा त्रासही होताच. सर्वांनीच बुजवली, तशी आम्हीही.

पुढे २०११ मध्ये जुने प्रकल्प-अहवाल निकाली काढताना एक काळी बांधीव वही हाती आली. क्रमांक ५५१.४९, अक्षर माझेच. उघडली, तर नकाशावर आमची वाडी होती : विहीर क्रमांक ७. ज्या विहिरींशेजारी बावखल आहे त्यांचे पाणी पावसाळ्यानंतर लक्षणीय सुधारते, तेव्हा बावखले बुजवू नयेत, असे शेवटच्या पानावर साध्या शब्दांत लिहिले होते. त्यामागचे शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड. म्हणून किनाऱ्यावरच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते, आणि समुद्रपातळीच्या वर ते एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असते. वरचे एक फूट उपसले, तर कालांतराने खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकते. बावखल ते वरचे एक फूट राखत होते. आमच्या कुटुंबाला हवे असलेले उत्तर पाच-सहा वर्षे माझ्याच कपाटात पडून होते, आणि त्याला क्रमांक देणाऱ्या मी ते वाचले नव्हते.

आईला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘तेव्हा वाचून दाखवले असतेस तर.’

त्यानंतर दोनेक वर्षांनी भाषाशास्त्राची एक विद्यार्थिनी आली. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या मराठीच्या खंडात सामवेदी, वाडवळ, फुडगी या आमच्या भागातल्या बोलींचे नमुने आहेत. शंभरेक वर्षांत त्यांचे काय झाले हे तिला पाहायचे होते. खरे सांगायचे तर मी मनात नाक मुरडले. विहीर नासली, बावखल गेले आणि ही शब्द गोळा करणार! मी स्वतः मराठीचा पदवीधर, तरी उपयोगाची उतरंड माझ्याही डोक्यात पक्की होती : वर विज्ञान, खाली आम्ही.

तिने पाण्याविषयी विचारले. पाणी मचूळ म्हणजे नेमके कसे? आई म्हणाली, मचूळ काही एक नसते. पहिल्यांदा डाळ शिजेनाशी होते. मग पानवेल रुसते. त्यानंतर केळीच्या पानांच्या कडा करपतात. शेवटी जे उरते ते फक्त नारळाला चालते. मी दारात उभा राहून ऐकत होतो. ही तर मोजपट्टी होती. त्या विद्यार्थ्याच्या काचनळीवर जशा रेषा होत्या, तशा आईच्या जिभेवर होत्या. फरक एवढाच, की त्याची रेषा त्या दिवसाचे पाणी सांगत होती आणि तिची पट्टी चाळीस वर्षांचे. पण तिच्या पट्टीवरून २५० मिलिग्रॅम सांगता येत नव्हते, हेही खरे. एकीने दुसरीची जागा घेता येत नाही.

संशोधनाचे नाना प्रकार असतात, असे आपण सहज म्हणतो. त्याचा अर्थ मला तेव्हा थोडा कळला. विषय वेगळे असतात हा त्यातला वरवरचा भाग. खरा फरक, कोण कशाला पुरावा मानतो आणि कोणाला कोण चूक ठरवू शकतो, यात आहे. रसायनाचा निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासता येतो. बोलीच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द बोलणाऱ्याचा असतो. ती मुलगी दोन महिन्यांनी परत आली, ध्वनिमुद्रण आईला ऐकवायला. आईने स्वतःचा आवाज ऐकून आधी तोंड झाकून हसून घेतले, मग एका शब्दापाशी तिला थांबवून म्हणाली, ‘हे मी चुकीचे सांगितले, ते माझ्या माहेरचे नाही, सासरचे.’ मुलीने तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

निरनिराळ्या शास्त्रांची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असेही नाही. याचे उदाहरण आमच्या शेजारी सोपाऱ्यालाच आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा स्तूप उकरला. दगडी पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक करंडक होते, भोवती आठ बुद्धांच्या कांस्यमूर्ती होत्या, आणि सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे. नाणेशास्त्र त्या ठेव्याला दुसऱ्या शतकाच्या आसपास नेते. कलेतिहासाचे अभ्यासक घडणीवरून मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या ठरवतात. नाण्यावर विसंबणाराही चुकत नाही आणि शैली वाचणाराही. म्हणून तो ठेवा मध्यंतरी कोणीतरी उघडला असावा, असा तिसरा विचार करावा लागतो. दोन शास्त्रे भांडली नसती, तर तो प्रश्नच पडला नसता. दामोदर कोसंबींसारखा गणिती आहत नाण्यांची वजने करून, वापराने ती किती झिजली याचा संख्याशास्त्रीय हिशेब मांडत बसला आणि त्यातून इतिहासाकडे वळला, तोही अशाच दोन कपाटांच्या मधल्या जागेतून.

सोपाऱ्यालाच, त्याच १८८२ साली, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला; नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. आठव्या लेखातला आशय मला पुन्हा पुन्हा आठवतो. पूर्वीचे राजे विहारयात्रांना, मृगयेला जात. आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली, असे राजा त्यात सांगतो. तीत वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे, जनपदातल्या लोकांचे दर्शन घ्यायचे, त्यांना धर्म सांगायचा आणि त्याविषयी विचारपूसही करायची. आमच्या अंगणात येणाऱ्या अभ्यासकांचेही मला असे दोन वर्ग दिसू लागले : काही मृगयेला येतात, सावज मिळाले की जातात, काही यात्रेला येतात. या भेदाचा विज्ञान आणि मानव्यविद्या या भेदाशी काही संबंध नाही. पण येथे न्याय करताना मला जपले पाहिजे. तो रसायनाचा विद्यार्थी परत आला नाही, हे खरे. परंतु त्याने आपले उत्तर स्वच्छ लिहून, बांधून, विहिरीपासून सर्वांत जवळच्या ग्रंथालयात ठेवले होते. तिथून आमच्या दारापर्यंतचे शेवटचे अंतर चालायचे काम माझे होते. मी रोज ते अंतर चालून घरी येत होतो, रिकाम्या हाताने.

आई २०१६ मध्ये गेली. तिचा आवाज त्या मुलीने दिलेल्या तबकडीवर आहे. विहीरही आहे, तिचे पाणी आता फक्त नारळाला चालते.

निवृत्तीपूर्वी मी एक काम केले. ग्रंथालयात संगणक आला होता, तरी जुनी तालिका-कपाटे अजून काढली नव्हती. त्या काळ्या वहीचे कार्ड शोधले, तिने मागाहून पाठवलेल्या प्रबंधिकेचे शोधले आणि वसईच्या बावखलांवरच्या जुन्या माहितीच्या कात्रणांचे शोधले. ५५१.४९, ४९१.४६ आणि ९५४. तिन्ही कार्डांच्या तळाशी, ग्रंथपालाला ज्या दोन शब्दांची मुभा असते ते लिहिले : ‘हेही पाहा’, आणि पुढे उरलेले दोन क्रमांक.