सदर बाजारात सकाळी सात वाजता

रायपूरला मावशीकडे गेलो की माझा एक नेम असतो. सकाळचा चहा झाला की काकांची जुनी काळी सायकल बाहेर काढायची, चाकात हवा आहे का ते अंगठ्याने दाबून बघायचं आणि तात्यापाऱ्यातून निघायचं. सत्तीबाजार, मग सदर बाजार, पुढे कोतवाली चौक आणि शेवटी बुढातालाब. तळ्याकाठी दहा मिनिटं बसायचं आणि आल्या वाटेने परत.

"दहाच्या आत घरी ये रे," मावशी दारातून बजावते. "एकदा का दुकानं उघडली, की सदर बाजारात सायकल चालवायची नसते, हातात धरून न्यायची असते."

इतकी वर्षं मी हे हसण्यावारी नेलं. यंदा मात्र एका मुलीला खरोखरच सायकल हातात धरून जाताना पाहिलं, आणि सकाळचा फेरफटका तिथेच थांबला.

पैरी, सुता आणि रुपियामाळ

सदर बाजार म्हणजे रायपूरची सराफ पेठ. दुपारी आलात तर दोन्ही बाजूंना सोन्याचांदीची दुकानं आणि मधल्या अरुंद रस्त्यावर स्कूटर, ई-रिक्षा, हातठेले आणि माणसं यांची खिचडी. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून लग्नाच्या खरेदीसाठी कुटुंबंच्या कुटुंबं इथे येतात. गळ्यातला जाड गोल सुता, हातातली ऐंठी, कमरेची करधन, पायातली पैरी असे चांदीचे दागिने इथे बघायला मिळतात. नाण्यांची रुपियामाळ पाहिली की आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेची आठवण येते.

आठवण यायला कारणही आहे. अठराव्या शतकात हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला आणि १८५४ साली नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा करेपर्यंत ते नातं राहिलं. त्या काळापासून मराठी घरं इथे येत गेली. तात्यापारा हे नावच बघा ना! चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. बुढातालाबाजवळच्या शाळेला माधवराव सप्रे यांचं नाव आहे. मराठी घरात जन्मलेल्या या माणसाने १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढून या भागातल्या पत्रकारितेचा पाया घातला.

सकाळी सात वाजता मात्र हा बाजार ओळखू येत नाही. शटर खाली असतात. झाडूवाल्या बाई रस्ता झाडत असतात. पोह्याच्या गाडीवर वाफ निघत असते आणि शेजारच्या कढईत जिलबी पडत असते. आणि रस्त्यावर असतात सायकली. दुधाची, वर्तमानपत्रांची, डबा लटकवलेल्या कारागिरांची आणि शाळेला निघालेल्या मुलामुलींची.

रस्ते तिकडे, सायकली इकडे

त्याच दौऱ्यात काका मला नवा रायपूर दाखवायला घेऊन गेले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि मग जुन्या शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर मोकळ्या जागेत हे नवं शहर आखलं गेलं. रस्ते असे रुंद, की पलीकडचा माणूस हात करतोय की रागावतोय ते कळू नये. रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी वेगळे ट्रॅक आहेत. आम्ही गेलो त्या दुपारी आम्हाला त्यावर एकही सायकल दिसली नाही.

"काका, सगळ्या सायकली गेल्या कुठे?"

"सदर बाजारात!" काका हसले. "जिथे जागा आहे तिथे ट्रॅक झाला. जिथे सायकली आहेत तिथे जागाच नाही."

काका गमतीने बोलले, पण आपल्या बहुतेक शहरांची गोष्ट हीच आहे.

ती मुलगी

दुसऱ्या दिवशी मला निघायला उशीर झाला. सत्तीबाजाराच्या बाजूने सदर बाजारात वळलो, तर समोर मावशीकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी. गणवेश, दोन वेण्या, पाठीवर दप्तर आणि हातात धरलेली सायकल. छत्तीसगडमध्ये सरस्वती सायकल योजनेतून पात्र मुलींना नववीत मोफत सायकल मिळते. तिला ती मिळाली तेव्हा घरात पेढे वाटल्याचं मावशीने फोनवर सांगितलं होतं.

"पंक्चर झाली का गं?" मी विचारलं.

"नहीं भैया. यहाँ पैदल ही जाती हूँ."

महिन्याभरापूर्वी मागून आलेल्या एका गाडीचा धक्का लागून ती पडली होती. गुडघा फुटला, वह्या रस्त्यावर पसरल्या. तेव्हापासून ती या रस्त्यावर सायकलवर बसत नाही. घरापासून वळणापर्यंत चालवते, बाजारातून ढकलते, पलीकडे गेली की पुन्हा बसते. सरकारने सायकल दिली, मुलगी ती चालवायला शिकली, आईने धीर केला. अडलं ते मधल्या अर्ध्या-पाऊण किलोमीटरपाशी.

संध्याकाळी जेवताना हा विषय निघाला. "एक रेघ मारायला काय जातं?" मावशी म्हणाली. "सकाळपुरती तरी!"

मी नागपूरचा, त्यामुळे मला लगेच २०२० साल आठवलं.

रंगाची रेघ

त्या वर्षी टाळेबंदीनंतर बस आणि लोकल रिकाम्या होत्या आणि माणसं सायकलकडे वळली होती. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' ही स्पर्धा जाहीर केली. कल्पना साधी होती. कोट्यवधींचा ट्रॅक आधी बांधायचा नाही. रंगाचे पट्टे, शंकू, प्लास्टिकचे खांब वापरून तात्पुरती सायकल लेन करायची, लोक वापरतात का ते बघायचं, चुका सुधारायच्या आणि मग पक्कं काम करायचं. २०२१ मध्ये देशातली ११ शहरं विजयी ठरली आणि प्रत्येकाला एक कोटी रुपये जाहीर झाले. आपल्याकडची नागपूर आणि पिंपरी-चिंचवड ही दोन शहरं त्यांत होती.

पण बक्षीस मिळणं वेगळं आणि लेन टिकणं वेगळं. बंगळुरूही त्याच ११ शहरांपैकी. तिथे आउटर रिंग रोडवर खांब लावून सतरा किलोमीटरची तात्पुरती लेन केली होती. पुढे खांब तुटत गेले, मेट्रोचं काम आलं आणि लेनचा बराच भाग नाहीसा झाला. तात्पुरत्या गोष्टीचं असंच असतं. ती काढून टाकायला कोणाला ठराव करावा लागत नाही. रंग उन्हात उडतो, खांबाला गाडी धडकते, त्या जागी कोणी स्कूटर लावतं, आणि एक दिवस लेन होती हेच लोक विसरतात. ती जिवंत ठेवायची तर कोणीतरी सारखी आठवण करून द्यावी लागते.

बर्लिनमध्ये आठवण कोणी ठेवली?

बर्लिनची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. मार्च २०२० मध्ये तिथे रातोरात तात्पुरत्या सायकल लेन आखल्या गेल्या. हे शक्य झालं, कारण नागरिकांची तयारी आधीच झालेली होती. २०१६ मध्ये तिथल्या सायकलप्रेमींनी साडेतीन आठवड्यांत एक लाखाहून जास्त सह्या गोळा केल्या होत्या आणि त्यातून २०१८ मध्ये शहराला सायकलसाठी कायदा करावा लागला होता.

तरीही सप्टेंबर २०२० मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाने म्हटलं, महामारी हे कारण पुरेसं नाही, या रस्त्यांवर सायकलवाल्यांना धोका आहे हे दाखवा. मग प्रशासनाने वाहनांची मोजणी आणि अपघातांचे आकडे पुढे ठेवले. ऑक्टोबरमध्ये वरच्या न्यायालयाने लेन काढायला स्थगिती दिली आणि पुढे त्यांतल्या अनेक लेन पक्क्या झाल्या. पॅरिसनेही आपल्या ५२ किलोमीटर तात्पुरत्या लेन कायम करण्याची योजना केली.

उलट उदाहरण लंडनचं. केन्सिंग्टन हाय स्ट्रीट हा दुकानांचा रस्ता. तिथली लेन डिसेंबर २०२० मध्ये, जेमतेम सात आठवड्यांत काढून टाकली गेली. नागरिकांनी विरोध केला, शाळकरी मुलं रस्त्यावर आली, पण लेन परत आली नाही.

आणि फक्त सिमेंट ओतून लेन 'पक्की' होत नाही, हे आपल्या मुंबईने दाखवलं. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकल ट्रॅक झाला, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि २०२५ मध्ये तिथले ट्रॅक काढून ती जागा गाड्यांच्या रस्त्याला देण्याचा निर्णय झाला. ज्या ट्रॅकसाठी कोणी भांडत नाही, तो सिमेंटचा असला तरी तात्पुरताच.

मग सदर बाजारात काय करायचं?

मी हे सगळं सांगितल्यावर काकांनी पहिलाच प्रश्न अचूक विचारला. "दुकानदार ऐकतील का?"

त्यांची काळजी खोटी नाही. गिऱ्हाइकाची गाडी दुकानासमोर उभी राहिली नाही, तर ते पुढच्या बाजारात जाईल असं त्यांना वाटतं. ठेलेवाल्यांना भीती वेगळी. रस्त्यावर नवी रेघ आली की सगळ्यात आधी आपल्याला उठवतील, असं त्यांना वाटतं. आणि एका बाजूची साधी सायकल लेन करायची तरी साधारण दोन मीटर जागा लागते. दुपारच्या सदर बाजारात ती काढायची कुठून?

पण सकाळी तिथे दुकानं बंद असतात आणि शाळेची वेळ नेमकी तेव्हाच असते. म्हणून आमच्या जेवणाच्या ताटाभोवती एक लहानशी योजना तयार झाली. शाळा भरण्याच्या वेळेला, फक्त दोन तास, रस्त्याच्या एका कडेला शंकू आणि दोरी लावायची. शाळेच्या दिवसांत, एक महिना. दुकानं उघडायच्या आत सगळं उचलायचं. कोणाचं गिऱ्हाईक अडत नाही, कोणाचा ठेला हलत नाही. महिन्याने दुकानदार, ठेलेवाले, पालक यांना एकत्र बसवून विचारायचं, त्रास झाला का? नसेल झाला, तर नगर निगमाकडे मागणी करायची, की या दोन तासांचा रीतसर आदेश काढा आणि रंग-शंकूंचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरा.

हा शेवटचा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण सगळं त्यावरच अडतं. स्मार्ट सिटी योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. अशा योजनेतून आखलेल्या रेघा पुन्हा कोणी रंगवायच्या, हे कुठेतरी लिहिलेलं नसेल, तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर रेघ दिसणार नाही.

"आणि अर्जासोबत आकडे हवेत," मी म्हणालो. "बर्लिनला न्यायालयाने तेच मागितलं."

मावशीची वही

दुसऱ्या दिवशी सात वाजता मावशी माझ्या आधी तयार! हातात काकांच्या हिशेबाची जुनी वही. ओळखीच्या एका दुकानाच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो. वहीत तीन रकाने आखले: शाळेची मुलं, कामाला जाणारे, बाकीचे. चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, म्हणजे पाच. पोहेवाल्याने आधी चौकशी केली, मग स्वतःच सांगायला लागला, "अम्माजी, वो भी गिनो, बच्चे डबल सीट हैं!"

आठ वाजेपर्यंत पान भरलं. सायकल ढकलत जाणाऱ्यांसाठी मावशीने चौथा रकाना वाढवला. त्यात पहिली रेघ कोणाची होती, हे तुम्हाला सांगायला नको.

मी त्याच संध्याकाळी गाडीने नागपूरला परतलो. आठवड्याने मावशीचा फोन आला. अजून कोणी शंकू लावलेले नाहीत. पण समोरच्या दोन घरच्या आया आता आळीपाळीने मोजायला बसतात, आणि वही घेऊन सगळ्या मिळून पार्षदांकडे (आपल्याकडे नगरसेवक म्हणतात ते) जाणार आहेत. "एकदा नाही म्हणाले तर पुन्हा जाऊ," मावशी म्हणाली. "सायकल शिकताना काय एकदाच पडतो का आपण?"

तुम्ही कधी रायपूरला गेलात, तर सदर बाजार दोनदा बघा. एकदा संध्याकाळी, दागिन्यांसाठी. आणि एकदा सकाळी सातला, पोहे-जिलबी खात. पोहे खाताना समोरून जाणाऱ्या सायकली मोजा. आणि आपल्या गावी परतलात, की मुलांच्या शाळेच्या रस्त्यावरही एक सकाळ वही घेऊन बसा. चौथा रकाना आखायला विसरू नका.