एक्स-रे चांगला, पण रक्त?

गेल्या श्रावणात एका सकाळी भाकरी थापायला बसले आणि मूठच मिटेना. तासाभरानं हात मोकळा झाला. पावसाळी गारठा असेल म्हणून सोडून दिलं. पण दीड महिना रोज तेच. सासूबाई म्हणाल्या, "इदु संधिवातने!" (या दुखण्याचं नाव मराठीत नि कन्नडात एकच, हे तेव्हा ध्यानात आलं.)

मला धास्ती वेगळीच. माझ्या आईची बोटं याच आजारानं करंगळीकडे वळलीत. एक्स-रेत हाडं झिजलेली दिसली, तेव्हा कुठं तिचं खरं औषध सुरू झालं.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. ईएसआर आणि सीआरपी यांतून आज सूज किती आहे ते कळतं. पण साध्या तापातही ते वाढतात. आरए फॅक्टर जुना, नॉर्वेच्या एरिक वालर यांनी 1940 साली नोंदवलेला. तो धडधाकट म्हाताऱ्यांतही सापडतो. अँटी-सीसीपी मात्र या आजाराची बरीच नेमकी खूण. कधीकधी ती दुखणं सुरू होण्याआधी काही वर्षंही रक्तात असते. तिचं प्रमाण जास्त असलं की पुढं सांधे झिजण्याचा धोका जास्त.

माझं प्रमाण नॉर्मलच्या तिपटीहून वर. एक्स-रे स्वच्छ!

"एक्स-रे चांगला आहे, मग कॅन्सरमध्ये देतात ते औषध कशाला?" आमच्या ह्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "एक्स-रेत झालेली झीज दिसते. रक्तावरून पुढच्या झिजेचा अंदाज येतो. अंदाजच, खात्री नव्हे. पण झिजलेलं हाड औषधानं पूर्ववत होत नाही."

आईचे हात डोळ्यांपुढे आले. मी हो म्हटलं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून सासूबाईंनी कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी कन्नडात 'गुळिगे' लिहून ठेवलंय. फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. शिवाय ठरावीक दिवसांनी यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी. सुई टोचून घ्यायची आता सवय झाली.

हुबळीची धाकटी बहीण परवा फोनवर विचारत होती, "मीही ती टेस्ट करून घेऊ का गं?" डॉक्टरांना विचारलं. काही दुखत नसताना नको म्हणाले. सांधे सुजले, सकाळचा आखडलेपणा तास-तासभर राहू लागला, तर मात्र लगेच या.

ती रोज उठल्या उठल्या मूठ मिटून बघते म्हणे.